सहावी खुर्ची

ही घटना खरी आहे.

हे वाक्य या पानावर प्रत्येक जण लिहितो, मला ठाऊक आहे. तुमच्या गोष्टी मी वाचतो. ओसाड रस्ता, लिफ्ट मागणारी बाई, तिचे उलटे पाय... आणि खाली पन्नास जण लिहितात, "वाचताना अंगावर काटा आला." मला जांभई यायची.

माझ्या गोष्टीत मध्यरात्र नाही. शनिवारची दुपार होती. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या, जिना नुकताच पुसला होता आणि फिनेलचा वास येत होता. ज्यांना भुतासाठी अंधार लागतो त्यांनी इथूनच परत जावं.

जागा होती एका डायलिसिस केंद्रातली. जिन्याखालची खोली. उभं राहिलं की डोकं आपटेल एवढीच. आत एक जुना कंप्युटर, एक टेबल आणि गादी फाटलेली एक खुर्ची.

त्या खोलीत मी एकटाच होतो.

असं मला वाटत होतं...

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जगात बरेच चांगले प्रोग्राम फुकट मिळतात. हौशी माणसं ते लिहितात आणि सगळ्यांसाठी खुले ठेवतात. कोणीही घ्यावा, वापरावा, हवा तसा बदलावा. अडचण एवढीच की तो कुठल्यातरी कंप्युटरवर चालवावा लागतो आणि त्या कंप्युटरला सांभाळायला एक माणूस लागतो. हा माणूस बहुतेक वेळा जिन्याखाली सापडतो. त्याची गरज संपवणं हे माझं काम.

मी तो प्रोग्राम उचलतो आणि क्लाउडवर नेतो. म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर. तिथे देखभाल, सुरक्षा, बॅकअप सगळं तीच कंपनी बघते. वर मी एक पाइपलाइन बसवतो. प्रोग्राममध्ये कोणी काही बदललं की ते आपोआप तपासलं जातं आणि आपोआप चढवलं जातं. माणसाचा हात लागत नाही. "हात लागला की चूक झालीच समजा," असं मी प्रत्येक बैठकीत सांगायचो. लोक माना डोलवायचे.

जिन्याखालच्या माणसांचा मला तिटकारा होता. हे लपवून काय करू? त्यांच्या त्या वह्या, त्यांचे चिकटवलेले कागद, "हे बटण दाबू नका" असली अक्षरं. आपल्यावाचून सगळं अडेल असा तोरा. मी गेलो की दोन दिवसांत त्यांचं काहीही अडायचं नाही.

या केंद्रातल्या माणसाला सगळे मोजणीकाका म्हणायचे. मी पोहोचलो तेव्हा त्यांना जाऊन चार महिने झाले होते. घरी, झोपेत गेले. त्यात काही गूढ नाही.

मला तिथे नेलं माझ्या मावशीने.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून मला मावशीनेच वाढवलं. अखंड बोलणारी बाई. भांडी घासताना बोलायची, फोन ठेवून दिल्यावरही बोलत राहायची. मला ती शहाण्या म्हणायची, आणि ते कौतुक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या निकामी झाल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस तिचं रक्त यंत्रातून धुवावं लागायचं. एक वेळ चुकली तर हाल. कधी कधी तेवढ्यानेही माणूस जातो. तिच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून हे सांगितलं होतं.

"त्या केंद्रात जागाच नव्हती," मावशी सांगायची. "पण मोजणीकाकांनी काढली बघ माझ्यासाठी. कशी काढली ते विचारू नकोस, मला समजलं नाही."

मी विचारलंही नाही.

काका गेले आणि केंद्राचे व्यवस्थापक घाबरले. कंप्युटर बंद पडला तर काय? मावशीने भर हॉलमध्ये, सुई टोचलेल्या हाताने, माझी जाहिरात केली. "माझा भाचा करतो ना ही कामं. जरा तुसडा आहे, पण हुशार आहे."

व्यवस्थापकांचा टाय त्यांच्यापेक्षा मोठा होता. त्यांना क्लाउड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्यावर त्यांनी मला अर्धा तास व्याख्यान दिलं. आपण परिवर्तन करत आहोत असं सहा वेळा म्हणाले. मग विचारलं, "त्यात पाऊस आला तर?" आणि स्वतःच हसले.

शुक्रवारी सकाळी मी काम सुरू केलं.

तिथला प्रोग्राम साधा होता. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या खुर्चीवर बसायचं, त्याची यादी करायचा. डायलिसिसची खुर्ची म्हणजे पाय लांब करून चार तास पडून राहायची मोठी खुर्ची, शेजारी यंत्र. त्याच यादीवरून पेशंटना घरून आणायला गाडी जायची. यादीत नाव नाही, तर गाडी नाही.

प्रोग्रामला पाच खुर्च्या माहीत होत्या. हॉलमध्ये होत्या सहा. सहावी राखीव, अडीअडचणीसाठी. असं कागदावर होतं.

मोठ्या सिस्टर मला खोलीची किल्ली द्यायला आल्या. पंचवीस वर्षं त्याच हॉलमध्ये काढलेली बाई.

"काका काहीही बदलायच्या आधी हॉलमध्ये यायचे," त्या म्हणाल्या. "बोट दाखवून माणसं मोजायचे. एक, दोन, तीन... मग खाली जाऊन काय ते करायचे. मग परत वर येऊन पडद्यावरची नावं मोजायचे. दोन्ही जुळलं तरच घरी जायचे."

"पडद्यावर आकडा येतोच की."

"येतो. तरी मोजायचे."

"कशाला?"

"म्हणायचे, पडद्याला सगळं सांगितलेलं नसतं."

मला हसू आलं. सिस्टर हसल्या नाहीत. "तुम्हीही एकदा मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं लागतात."

"सिस्टर, ती दोन मिनिटं वाचवायलाच मला बोलावलंय."

त्या वर गेल्या.

प्रोग्राममध्ये बदल करताना प्रत्येक बदलासोबत एक ओळ लिहून ठेवायची पद्धत असते. काय बदललं, का बदललं. काकांनी नऊ वर्षांत चारशेहून जास्त बदल केले होते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकच शब्द. खुर्च्या ५, तारीख दुरुस्त केली. खुर्च्या ४, अक्षर मोठं केलं. खुर्च्या ५, फोन नंबर बदलला.

शेवटच्या दोन वर्षांत मधूनच ६ यायला लागले होते.

मी ते वाचलं. मला एवढंच वाटलं की म्हाताऱ्याला पाचपर्यंतही धड मोजता येत नाही.

मग मी साफसफाई केली. कोणताही जुना प्रोग्राम न्यायच्या आधी करतोच. जुन्या यादीत तीस पेशंट होते, आणि एकतिसावी नोंद होती "चाचणी १". प्रोग्राम नीट चालतोय का ते बघायला आम्ही अशा खोट्या नोंदी घालतो आणि आळशी लोक त्या काढायला विसरतात. चाचणी या शब्दाने सुरू होणारी प्रत्येक नोंद पुसायची अशी एक ओळ मी लिहिली. नोंद उघडून बघितली नाही. खोट्या माणसाचं काय बघायचं?

मग मी तपासणी लिहिली. प्रोग्रामला माहीत असलेल्या खुर्च्या पाच. दर वेळेच्या यादीत नावं पाच. जुळलं तर हिरवी खूण. काकांचं दोन मिनिटांचं काम माझी पाइपलाइन डोळ्याची पापणी लवायच्या आत करणार होती.

शेवटी काकांचं खातं काढून टाकलं. मेलेल्या माणसाला चाव्या कशाला?

शनिवार उजाडला.

दुपारची पाळी तीनला संपली. पेशंट एकेक करून जिना उतरले. मावशी माझ्या दारात थांबली. दंडावर पट्टी, हातात ती जुनी चौकटीची पिशवी.

"एवढ्याशा खोलीत कसा रे बसतोस? काका तरी ठेंगणे होते."

"हं."

"जेवलास का?"

"मावशी, काम चालू आहे."

"बघते की मी. तुझं तोंड दिसत नाही, पाठच दिसते. बरं, गाडीवाला थांबलाय. मंगळवारी भेटू. उत्तर दे रे शहाण्या, भिंतीशी बोलते का मी?"

"हो, हो."

मी वळलो नाही. तिच्या चपलांचा आवाज बाहेर गेला, मग गाडीचं दार लागलं. गेला एक महिना मी ते दार रोज ऐकतोय.

तीन वाजून वीस मिनिटं.

पुढची पाळी चारला होती. वर हॉल रिकामा होता. सिस्टर मागच्या अंगणात चहा पीत होत्या, त्यांचं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं. मी पाइपलाइन सुरू केली.

चार पायऱ्या होत्या. उचलणे. तपासणे. बांधणे. चढवणे.

पहिली हिरवी. दुसरी हिरवी. तिसरी हिरवी.

मग थांबली.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मध्ये एक ओळ आली होती...

"खुर्च्या?"

बस. एवढंच. आणि शेजारी ते गोल फिरणारं चिन्ह, कोणाच्या तरी उत्तराची वाट बघणारं.

अशी पायरी मी घातली नव्हती. काकांचं काहीतरी जुनं लफडं प्रोग्रामबरोबर आलं असणार. मी सगळ्या फायलींमध्ये तो शब्द शोधला. जुन्या बदलांच्या त्या ओळी सोडल्या तर कुठेही नव्हता. मी पाइपलाइन रद्द केली, पुन्हा सुरू केली.

हिरवी. हिरवी. हिरवी.

"खुर्च्या?"

तेवढ्यात वर कोणीतरी चालायला लागलं.

स्लिपर होत्या. रबरी. फट... फट... फट... हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सावकाश. माझ्या डोक्यावरच्या छतातून आवाज खाली येत होता.

"एक..."

घसा खाकरल्याचा आवाज.

"दोन..."

मला वाटलं साफसफाई करणारी बाई असेल. पण आवाज पुरुषाचा होता. म्हाताऱ्या पुरुषाचा.

"तीन... चार... पाच..."

मग चालणं थांबलं.

बराच वेळ काहीच नाही. मागच्या अंगणात कपबशी वाजली, तेवढीच.

"...सहा."

मी उठलो. डोकं जिन्याला आपटलं. चिडून वर गेलो. हॉलमध्ये ऊन आलं होतं. सहा खुर्च्या, सहा यंत्रं, घडी घातलेल्या चादरी. पाच खुर्च्यांवर घडी तशीच होती. सहाव्या खुर्चीवरची चादर मात्र पसरलेली होती, आणि मधोमध दबलेली...

कोणी नव्हतं.

साफसफाईची बाई दाराशी बादली घेऊन उभी होती. "तुम्ही मोजत होता का?" तिने विचारलं.

"मी खाली होतो."

तिने बादली तिथेच ठेवली आणि जिना उतरून गेली. अडाणी बाई, मी मनात म्हटलं. हो, हेच म्हटलं. मला तेव्हा भीती वाटली नव्हती. राग आला होता. कोणीतरी माझी थट्टा करतंय, त्या मेलेल्या माणसाचा कोणी चेला उरलाय आणि तो माझं काम बिघडवतोय, असं मला वाटलं.

मी खाली येऊन मुद्दाम, डिवचायला म्हणून, एक रिकामा बदल केला आणि सोबत ओळ लिहिली. "खुर्च्या ५."

पडद्यावर लगेच दुसरा बदल आला. माझा नव्हता.

"खुर्च्या ६."

करणाऱ्याचं नाव: मोजणीकाका. जे खातं मी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

आता एखादा साधा माणूस उठून मागच्या अंगणात गेला असता. सिस्टरना विचारलं असतं, सहाव्या खुर्चीवर कोण बसतं हो? एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. भूत असो, चेला असो, कोणीही असो, ते मला एवढंच सांगत होतं की जाऊन बघ.

मी तसं केलं नाही. माझ्याकडे मालकाची चावी होती. तिने कोणतीही पायरी ओलांडता येते, कोणतीही परवानगी न मागता. मी ती वापरली.

चौथी पायरी हिरवी झाली.

खाली बारीक अक्षरात एक ओळ उमटली. "एक राहिली." मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली.

मग जुना कंप्युटर बंद करून त्याची वायर उपटली. तरी त्याच्या आतला पंखा फिरत राहिला. घर्र... घर्र... वायर माझ्या हातात होती. मी दार ओढून घेतलं, किल्ली सिस्टरच्या टेबलावर टाकली आणि घरी गेलो.

सोमवारी व्यवस्थापकांनी बैठकीत माझं कौतुक केलं. सोमवारच्या याद्या बरोबर, गाड्या वेळेवर. तक्रारींसाठी मी एक पान करून दिलं होतं. कोणी फोन करायचा नाही, पानावर लिहायचं, मी बघेन. व्यवस्थापकांना ते फार आवडलं. टाय सरळ करून त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढला.

मंगळवारी मी दुसऱ्या एका कंपनीत होतो. काचेची खोली, दहा माणसं. माणसाचा हात लागला की कशी चूक होते ते मी सांगत होतो.

सव्वादहाला फोनवर मेल आला. केंद्राच्या पाइपलाइनकडून.

"खुर्च्या ६. यादी ५. एक राहिली."

पुसला.

अकराला सिस्टरचा फोन. "अहो, सहाव्या खुर्चीचं नाव पडद्यावरून गेलंय."

"सिस्टर, फोन नको. पानावर लिहा."

त्यांनी बिचाऱ्यांनी लिहिलं. सहाव्या खुर्चीचं नाव गेलं आहे, कृपया लवकर बघावे. मी बोलता बोलता टेबलाखाली उत्तर दिलं. सहावी खुर्ची राखीव आहे, यादी बरोबर आहे. तक्रार बंद केली. सगळं मिळून नऊ सेकंद लागले. पानावर वेळ नोंदली जाते, म्हणून मला माहीत आहे.

साडेअकराला मावशीचा फोन.

"अरे, गाडी आली नाही."

"येईल."

"सव्वादहाला येते रे रोज. मी खाली येऊन उभी होते. परत तीन जिने चढून आले, पायात जीव नाही बघ."

"मावशी, आता सगळं आपोआप आहे. यादीत असशील तर गाडी येईलच. ती यंत्रणा चुकत नाही."

"तू केलीयस ना?"

"हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "तू म्हणतोस तर बसते वाट बघत. जेवलास का?"

मी फोन ठेवला होता. तिचा तो प्रश्न मला अर्धाच ऐकू आला.

मेल येत राहिले. बाराला. एकला. दोनला. दर तासाला एक. एक राहिली, एक राहिली. मी नियम लावला, त्या पत्त्यावरून आलेलं सगळं कचऱ्यात जावं. नियम लावायला मला फार आवडायचं.

नंतर कळलं की सिस्टरनी दुपारी मावशीला फोन केला होता. टॅक्सी करून या म्हणाल्या होत्या. मावशी म्हणाली, "अहो, भाचा बघतोय. मी उगीच टॅक्सीने आले तर त्याच्या कामाला नाव ठेवल्यासारखं होईल. उद्या सकाळी पाठवेल गाडी." सिस्टरनाही वाटलं, घरचाच माणूस आहे, बघत असेल.

बुधवारी सकाळी आठला तिच्या शेजारणीचा फोन आला.

मी पोहोचलो तेव्हा मावशी दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. बाहेर जायचे कपडे घातलेले. चौकटीची पिशवी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम वाढलं, हृदय थांबलं. पहाटे केव्हातरी.

मी तिथेच जिन्यावर बसलो आणि फोन काढला. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. कचऱ्याची पेटी उघडली. मंगळवारपासूनचे मेल ओळीने पडले होते. सगळ्यांत तेच. खुर्च्या ६. यादी ५. एक राहिली.

सगळ्यांत शेवटचा वेगळा होता. बुधवार, पहाटे पाच वाजून बारा मिनिटं.

"खुर्च्या ५. यादी ५. जुळलं."

त्या दिवशी मी जिन्याखाली गेलो. जुन्या कंप्युटरची वायर पुन्हा लावली. शुक्रवारी पुसलेली नोंद तिथल्या मूळ यादीत तशीच होती. मी ती उघडली, जी मी पाच दिवस आधी उघडायला हवी होती.

नाव: चाचणी १. दिवस: मंगळ, गुरू, शनि. पत्ता: ज्या घरात मी वाढलो ते घर. खाली काकांनी लिहिलं होतं, "पाचच्या वर प्रोग्राम खरं नाव घेत नाही, जागा भरली म्हणतो; चाचणीचं घेतो. डॉक्टरांची परवानगी घेऊन राखीव खुर्चीवर बसवलं आहे. पडद्यावरच्या आकड्यात ही बाई धरली जात नाही, म्हणून हॉलमध्ये जाऊन मोजावे. पुसू नये."

मी सिस्टरना सगळं सांगितलं. पुसलेली नोंद, बंद केलेली तक्रार, नऊ सेकंद. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मी जिन्याखालच्या माणसांकडे बघायचो तसंच.

व्यवस्थापक म्हणाले, अहवालात आपण याला समन्वयाचा अभाव म्हणू. मला त्यांच्या टायला धरून खेचावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडाने? तो माणूस फक्त मूर्ख होता. मी मावशीला सांगितलं होतं की यंत्रणा चुकत नाही.

क्लाउडवाल्या कंपनीला मी त्या मेलांबद्दल विचारलं. त्यांचं उत्तर नम्र होतं. त्या तासांत तुमची पाइपलाइन चाललेलीच नाही. त्या नावाचं खातं आमच्याकडे नाही. असा एकही मेल इथून गेलेला नाही.

मेल माझ्याकडे अजून आहेत. हवे असतील तर दाखवतो. हसायचं असेल तर हसा, मीही हसलो असतो.

केंद्राच्या प्रोग्रामला सहावी खुर्ची मी स्वतः शिकवली. त्याआधी हॉलमध्ये गेलो. बोट दाखवून मोजलं. साफसफाईची बाई बघत होती. मग पाइपलाइन चालवली तेव्हा कुठलीही जादा ओळ आली नाही. तिथे आता सगळं शांत आहे.

माझ्याकडे नाही.

कालची गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन होतं. मी घरी माझ्याच एका फालतू पानात छोटासा बदल करत होतो. त्याला पाइपलाइनही नाही, मी आता हातानेच चढवतो. घरात मी एकटा राहतो. माझी एक खुर्ची, आणि माझ्या मागे दाराजवळ मावशीच्या घरून आणलेली एक, रिकामी. सवयीने मी बदलासोबत ओळ लिहिली. "खुर्च्या १."

बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली...

"खुर्च्या २."

मी पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लिहायची माझी हिंमत झाली नाही.

ही गोष्ट मी त्याच जागेवर बसून लिहितोय. दार माझ्या मागे आहे. सिस्टर म्हणाल्या होत्या, दोन मिनिटं लागतात, मोजून घ्या. नुसतं वळायचं आणि बोट दाखवायचं. एवढंच करायचंय, आणि कालपासून ते मला जमलेलं नाही.

मावशी असेल तर तिने बोलावं. ती गप्प बसणारी बाई नव्हती. मी जेवलो का, एवढं तरी तिने विचारलंच असतं.

मी अर्धा तास कान देऊन बसलोय. मागून अजून कोणी काही विचारलेलं नाही...